पॅराक्वाट या तणनाशकाला धोकादायक रसायनांच्या यादीत घेण्यास भारताचा विरोध कोणासाठी? तीन केंद्रीय मंत्रालयांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, कृषी व शेतकरी कल्याण मंत्रालय,
मा. सचिव, वाणिज्य विभाग,
मा. सचिव, पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : तणनाशकांच्या आयातीवरील निर्बंध, उद्योगाचा दबाव आणि रॉटरडॅम करारातील भारताची भूमिका

महोदय / महोदया,

मी एका ग्रामीण रुग्णालयात काम करणारा वैद्यकीय अधिकारी आहे. आयात-निर्यात धोरण हा माझा विषय नव्हे आणि एका परीक्षानळीने त्या विषयाकडे ढकलले नसते, तर हे पत्र मी लिहिलेही नसते. तणनाशक प्यायलेला रुग्ण आला की आम्ही त्याची थोडी लघवी परीक्षानळीत घेतो, तीत खाण्याचा सोडा आणि सोडियम डायथायोनाइटची चिमूटभर पूड टाकतो आणि नळी उजेडात धरतो. पोटात पॅराक्वाट गेले असेल तर लघवी निळी होते. रंग फिकट असला तर थोडी आशा धरता येते. दौतीतल्या शाईसारखा गडद निळा उतरला, तर पुढचे आठ-दहा दिवस कसे जाणार हे मला त्याच क्षणी कळते. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना मात्र ते अजून माहीत नसते.

कारण तेव्हा रुग्ण शुद्धीवर असतो. तो बोलतो, पाणी मागतो, पुष्कळदा झाल्या गोष्टीचा त्याला पश्चात्तापही झालेला असतो. बरोबरची माणसे म्हणतात, "डॉक्टर, बोलतोय की तो चांगला. सलाइन लावा, उद्या घेऊन जातो." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीभ आणि टाळू सोलवटून निघतात, लघवीचे प्रमाण कमी होते आणि त्यानंतर फुफ्फुसे आक्रसू लागतात. या विषावर उतारा नाही. फुफ्फुसातल्या पेशी पॅराक्वाट स्वतःहून ओढून साठवतात आणि तिथे ऑक्सिजनच्याच साहाय्याने ते पेशी जाळत राहते, म्हणून अशा रुग्णाला अगदी नाइलाज होईपर्यंत ऑक्सिजन लावू नये असे आम्हाला शिकवलेले असते. धाप लागलेल्या मुलाचा बाप भिंतीवरच्या नळीकडे बोट दाखवतो आणि मी ती लावत नाही, ही गोष्ट त्याला समजावून सांगण्याची चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

यासाठी फार विष लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या पॅराक्वाटच्या संहत द्रावणाचे दहा ते वीस मिलिलिटर, म्हणजे एखादा घोट, प्रौढ माणसाला पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मात्र हे रसायन 'मध्यम धोकादायक' या दुसऱ्या वर्गात बसते, कारण ती वर्गवारी प्रामुख्याने उंदरांना मारणाऱ्या मात्रेवर आधारलेली आहे. उतारा आहे की नाही, हा प्रश्न त्या तक्त्यात येतच नाही. आपल्या भाषेनेही यात थोडा हातभार लावलेला आहे : शेतावर मारायच्या प्रत्येक विषाला आपण 'औषध' म्हणतो, नातेवाईकही येऊन "औषध घेतलंय" असेच सांगतात, आणि नव्याने आलेल्या डॉक्टरला काही दिवस या शब्दाची सवय व्हावी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रॉटरडॅम करार १० सप्टेंबर १९९८ रोजी संमत झाला, २४ फेब्रुवारी २००४ पासून तो अमलात आला आणि २००५ मध्ये भारत त्यात सामील झाला. या कराराचे सार एका वाक्यात सांगता येते : धोकादायक ठरलेली ठरावीक रसायने एखाद्या देशात पाठवण्यापूर्वी त्या देशाची माहितीपूर्वक संमती घेतली जावी. अशा रसायनांची यादी कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. यादीत भर घालण्याची शिफारस ३१ तज्ज्ञांची रसायन आढावा समिती करते, परंतु निर्णय सदस्य देशांच्या परिषदेत आणि तोही सर्वसहमतीने व्हावा लागतो. एका जरी देशाने विरोधासाठी हात वर केला तर शिफारस पुढच्या परिषदेपर्यंत पडून राहते.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या कापूस पिकवणाऱ्या देशाने आपल्या शेतकऱ्यांना झालेल्या विषबाधांची पाहणी केली आणि पॅराक्वाटचा प्रस्ताव करारापुढे ठेवला. लिटरमागे २७६ ग्रॅम किंवा त्याहून अधिक पॅराक्वाट डायक्लोराइड असलेली द्रवरूप उत्पादने यादीत घ्यावीत, एवढाच तो प्रस्ताव होता. तज्ज्ञ समितीने तो मान्य केला. २०१३ च्या परिषदेत तो प्रथम आला आणि अडला. एप्रिल-मे २०२५ मध्ये जिनिव्हात झालेल्या परिषदेतही तो अडलेलाच राहिला. या बारा वर्षांत ज्या मोजक्या देशांनी वेळोवेळी विरोध नोंदवला, त्यांत ग्वाटेमालाबरोबर भारताचेही नाव आहे. ज्या देशाच्या रुग्णालयांत ही परीक्षानळी रोजच्या कामाची वस्तू आहे, त्याच देशाचा प्रतिनिधी त्या सभागृहात उठून विरोध नोंदवतो, याचे कारण मला कळत नाही. ते समजून घेण्यासाठी हे पत्र आहे.

विरोधासाठी जी कारणे दिली जातात, त्यांत 'यादीत येणे म्हणजे बंदीच' हे सर्वांत जुने आणि सर्वांत सोयीचे आहे. कराराचा मजकूर वाचला की ते टिकत नाही. रसायन तिसऱ्या परिशिष्टात आले की सदस्य देशाला निर्णयासाठी मार्गदर्शक दस्तऐवज मिळतो आणि नऊ महिन्यांच्या आत उत्तर द्यायचे असते. उत्तर तीन प्रकारचे असू शकते : आयातीस संमती आहे, संमती नाही, किंवा अमुक अटींवर संमती आहे. ज्या देशाला पॅराक्वाट हवे आहे, त्याने 'संमती आहे' असे कळवले की जहाजे पूर्वीसारखीच येत राहतात. निर्यातदार देशावर मात्र जबाबदारी पडते : उत्तर 'नाही' असेल तर आपल्या कंपन्यांना रोखायचे आणि माल पाठवताना धोक्याची माहिती, योग्य लेबल व सीमाशुल्काचा संकेतांक बरोबर द्यायचा. थोडक्यात, ही प्रक्रिया विचारण्याची आणि उत्तर देण्याची आहे. भारताच्या विरोधामुळे आपल्याला पॅराक्वाट वापरण्याचे स्वातंत्र्य मिळालेले नाही, ते होतेच. बुर्किना फासोसारख्या देशाला मात्र विचारले जाण्याचा हक्क मिळाला नाही.

तरीही उद्योगाला या यादीची एवढी धास्ती का वाटावी? बाजारात नाव खराब होते, हे एक कारण उघड आहे. दुसरे कारण कराराच्या दहाव्या कलमाच्या नवव्या परिच्छेदात आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एखाद्या देशाने यादीतल्या रसायनाच्या आयातीला नकार दिला, किंवा अटी घातल्या, तर त्याने त्याच वेळी इतर कोणत्याही देशातून होणारी आयात आणि देशांतर्गत वापरासाठी होणारे उत्पादन यांनाही तोच नकार किंवा त्याच अटी लागू केल्या पाहिजेत, असे तो परिच्छेद सांगतो. परदेशी विष वाईट आणि देशी विष चालेल, अशी सोय तिथे ठेवलेली नाही. भारतात पॅराक्वाट आयातही होते आणि तयारही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या परिच्छेदाची टोचणी कुणाला लागत असेल ते सांगावे लागत नाही.

याच्या अगदी उलट प्रकारचा निर्बंध आपल्याच सरकारने घातलेला आहे आणि तो किती सुरळीत घातला गेला हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. ग्लुफोसिनेट या तणनाशकाच्या मूळ रसायनाची, म्हणजे व्यवहारात ज्याला 'टेक्निकल' म्हणतात त्याची, विमा व जहाजभाड्यासह किंमत किलोमागे १,२८९ रुपयांपेक्षा कमी असेल तर त्याची आयात निषिद्ध ठरली. किंमत त्याहून जास्त असेल तर आयात पूर्वीप्रमाणे खुली राहिली. स्वस्त चिनी मालामुळे देशी कारखान्यांचे नुकसान होत असेल तर सरकारने त्यांना संरक्षण देऊ नये, असे मी म्हणत नाही. तो व्यापाराचा विषय आहे आणि त्यातले जाणकार वेगळे आहेत. मला खटकते ते इतकेच, की ज्या रसायनाची युरोपीय संघातील मंजुरी २०१८ मध्ये संपली आणि ज्याच्या प्रजननावरील परिणामांविषयी तिथे गंभीर आक्षेप होते, त्याच रसायनावर आपण निर्बंध घातला तेव्हा तपासला तो फक्त भाव. १,२८८ रुपये किलोचे ग्लुफोसिनेट बंदरावर अडवायचे आणि १,२९० रुपयांचे सोडायचे, यात शेतकऱ्याच्या फुफ्फुसाचा, त्वचेचा किंवा त्याच्या पोटी जन्माला येणाऱ्या मुलाचा विचार कुठे बसतो?

आरोग्यासाठी निर्बंध घालायची वेळ आली तेव्हा काय घडले, ते आपल्या दप्तरी आहेच. कृषी मंत्रालयाच्या १४ मे २०२० च्या मसुदा आदेशात २७ कीडनाशकांवर बंदीचा प्रस्ताव होता. त्यांत ॲट्राझिन, ब्युटाक्लोर, २,४-डी, डाययुरॉन, ऑक्सिफ्लोरफेन, पेंडिमेथालिन आणि सल्फोसल्फ्युरॉन ही सात तणनाशके होती. ही यादी कुणी एका रात्रीत केलेली नव्हती. इतर देशांत बंद किंवा मर्यादित झालेल्या ६६ रसायनांचा आढावा घेण्यासाठी २०१३ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून ती पुढे आली होती. मसुदा प्रसिद्ध होताच उद्योग संघटनांनी निर्यात बुडेल, बाजार चीनच्या घशात जाईल, शेतकऱ्याला महाग पर्याय घ्यावे लागतील, असा गलका केला. हरकतींसाठीची ४५ दिवसांची मुदत ९० दिवसांवर गेली, नवी समिती आली, आणि २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप व मिथोमिल यांच्यावर पूर्ण बंदी आली, मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला निरोप देण्याचे ठरले आणि काही रसायनांच्या काही पिकांवरील परवानग्या काढून घेतल्या गेल्या. सातपैकी एकाही तणनाशकावर पूर्ण बंदी आली नाही. प्रत्येक वगळलेल्या रसायनामागे शास्त्रीय कारण असेलही. असेल तर ते, ज्या बैठकीत ते मांडले गेले तिच्या इतिवृत्तासह, लोकांसमोर यायला हवे होते.

ग्लायफोसेट या आणखी एका तणनाशकाच्या बाबतीत तर सरकारने मधलाच मार्ग काढला. जुलै २०२० चा मसुदा आणि ऑक्टोबर २०२२ चा आदेश यांनुसार ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचे होते. ज्यांनी खेड्यात एक दिवस काढला आहे, त्यांना विचारावे की बांधावर असा व्यावसायिक कधी दिसला आहे का. पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस एक तर स्वतः शेतकरी असतो किंवा रोजाने सांगितलेला मजूर असतो, त्याच्या पंपाचे झाकण गळके असते आणि ओघळ पाठीवरून कमरेपर्यंत आलेला असतो. पाळता येणार नाही असा नियम करण्यात एक सोय असते : उद्योगाला विक्री चालू ठेवता येते, सरकारला निर्बंध घातल्याचे सांगता येते आणि काही बिघडले तर दोष वापरणाऱ्याचा ठरतो.

उद्योगाचा दबाव ही केवळ आपली कहाणी नाही, आणि तो कसा चालतो हे इतर देशांच्या अनुभवातून अधिक स्पष्ट दिसते. थायलंडच्या राष्ट्रीय धोकादायक पदार्थ समितीने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी पॅराक्वाट, ग्लायफोसेट आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक यांवर बंदीचा निर्णय घेतला. १ डिसेंबरपासून तो लागू व्हायचा होता. अमेरिकी कृषी खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने थायलंडच्या पंतप्रधानांना निर्णय लांबणीवर टाकण्याविषयी पत्र लिहिले. या बंदीमुळे आमचा गहू आणि सोयाबीन तुमच्या देशात येणे अवघड होईल, हा त्यामागचा धागा होता. २७ नोव्हेंबरला त्याच समितीने निर्णय फिरवला : पॅराक्वाट व क्लोरपायरिफॉसची बंदी १ जून २०२० पर्यंत पुढे गेली आणि ग्लायफोसेट बंदीतून सुटले. मेक्सिकोने ३१ डिसेंबर २०२० च्या फर्मानाने ग्लायफोसेट टप्प्याटप्प्याने जानेवारी २०२४ पर्यंत थांबवायचे ठरवले आणि त्यासाठी आयातीचा कोटा कमी करत नेला. ग्लायफोसेट विकणारी बायर ही कंपनी आणि क्रॉपलाइफ अमेरिका ही कीडनाशक उद्योगाची संघटना अमेरिकी व्यापार अधिकाऱ्यांशी या विषयावर कशी संधान बांधून होती, हे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या ईमेलमधून २०२१ मध्ये 'द गार्डियन'ने उघड केले. मुदत आधी मार्च २०२४ पर्यंत वाढली आणि ती संपताना, पुरेसा पर्याय उपलब्ध नाही असे सांगून बंदी बेमुदत पुढे ढकलली गेली.

या दोन्ही ठिकाणी एक साम्य आहे. विष सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नावर उद्योगाला फार वेळ घालवावा लागला नाही. वाद व्यापाराच्या टेबलावर नेला की तिथे कृषी आणि आरोग्य खात्यांचा आवाज आपोआप खाली जातो. आपल्याकडेही पत्रात नमूद केलेली तीन मंत्रालये वेगवेगळ्या इमारतींत बसतात, आणि रॉटरडॅमच्या परिषदेत भारत काय बोलणार हे नेमके कोणत्या इमारतीत ठरते, हे बाहेरच्या माणसाला समजण्याचा मार्ग नाही.

उद्योगाचा दुसरा युक्तिवाद मला व्यक्तिशः अधिक जिव्हारी लागतो. पॅराक्वाटने होणारे बहुतेक मृत्यू हे आत्महत्येचे आहेत, तो उत्पादनाचा दोष नाही, मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे सांगितले जाते. बहुतेक मृत्यू पिण्यामुळे होतात हे खरे आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकीही बहुतेक प्यायलेलेच होते. पण त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ठरवून काही केले नव्हते. भांडण झाले, रागाच्या भरात हाताला लागली ती बाटली उचलली, आणि ती कशाची होती यावर पुढचे सगळे अवलंबून राहिले. त्याच कोनाड्यात कमी विषारी औषधाची बाटली असती, तर तोच माणूस पाच दिवसांनी शरमलेल्या चेहऱ्याने घरी गेला असता. असे घरी गेलेले मी पाहिले आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये पॅराक्वाटची नोंदणी रद्द केली आणि पुढच्या वर्षी विक्री थांबवली. २०११ ते २०१३ या काळात तिथले कीडनाशकांनी होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. श्रीलंकेने २००८ ते २०११ दरम्यान पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थियॉन टप्प्याने बंद केले आणि तिथेही मृत्यू घटले. दोन्ही देशांत या बंदीमुळे पिकांचे उत्पन्न घसरल्याचे आढळले नाही. मानसिक आरोग्याची सेवा हवीच आहे, ती मिळेपर्यंत बाटली मात्र कोनाड्यातच राहू द्या, हे म्हणणे मला मान्य नाही.

आता शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. निंदणीला, खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर वेळेवर मिळत नाहीत आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली नाही तर तण पिकाच्या वर जाते. ही वस्तुस्थिती आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाच्या वाणाची उघडपणे लागवड करून कायदेभंग केला; त्या कृत्याविषयी मत काही असो, त्यामागची अडचण खोटी नव्हती. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि शेतीरसायनांची आयात एका फटक्यात थांबवली, त्याच वर्षाच्या अखेरीला ती मागे घ्यावी लागली आणि शेतकऱ्याचे अतोनात नुकसान झाले. त्याच देशाने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची आयात थांबवली होती आणि चहा व रबराच्या मळ्यांसाठी २०१८ मध्ये ती पुन्हा खुली करावी लागली. पर्यायाची तयारी न करता घातलेली सरसकट बंदी कशी अंगाशी येते, याचे हे धडे आहेत आणि उद्योग ते वारंवार पुढे करतो. पण पुढे करताना तो एक गोष्ट गाळतो : याच श्रीलंकेने पॅराक्वाटसह मोजकी तीनच रसायने टप्प्याने, तीन वर्षे घेऊन बंद केली तेव्हा शेती कोसळली नाही. ग्लायफोसेटच्या कर्करोगाच्या प्रश्नावर जगातल्या संस्थांमध्ये मतभेद आहेत. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये एक सांगितले, युरोपीय संघाने २०२३ मध्ये दहा वर्षांची परवानगी देताना दुसरे सांगितले. पॅराक्वाटचा एक घोट काय करतो, यावर मतभेद नाहीत. म्हणून सगळ्या तणनाशकांना एका पिशवीत घालून चर्चा करणे उद्योगाच्या सोयीचे आहे आणि ती सोय आपण करून देऊ नये.

पॅराक्वाट कुठे बनते आणि कुठे वापरले जाते, हेही पाहावे. स्वीडनने ते १९८३ मध्ये बंद केले. २००३ मध्ये युरोपीय आयोगाने त्याला मंजुरी दिली तेव्हा स्वीडनच न्यायालयात गेला आणि ११ जुलै २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. त्यानंतरही ब्रिटनमधील हडर्सफील्ड येथील कारखान्यातून ते निर्यातीसाठी तयार होत राहिले. स्वित्झर्लंडमध्ये त्यावर १९८९ पासून बंदी आहे आणि त्याचा सर्वांत मोठा विक्रेता मानली जाणारी कंपनी स्वित्झर्लंडमध्येच मुख्यालय थाटून बसलेली आहे. चीनने १ जुलै २०१६ पासून देशात त्याच्या द्रावणाची विक्री थांबवली, निर्यातीचे उत्पादन चालू ठेवले. आपल्या घरात नको, शेजाऱ्याला विका, हा व्यवहार रोखता यावा म्हणूनच रॉटरडॅम करार झाला आणि असा माल ज्यांच्या दारात येतो त्या देशांच्या रांगेत भारताची जागा असायला हवी होती. आपणही विकणारे झालो आहोत म्हणून रांग बदलली असेल, तर ते निदान स्पष्ट शब्दांत सांगितले जावे.

राज्यांकडे बोट दाखवूनही हा प्रश्न सुटत नाही. कीटकनाशक कायदा १९६८ च्या २७ व्या कलमाखाली राज्य सरकार एखाद्या रसायनाची विक्री ६० दिवसांसाठी थांबवू शकते आणि फार तर आणखी ३० दिवस वाढवू शकते. नव्वद दिवसांनी दुकानातल्या फळीवर तीच बाटली परत येते. केरळने २०११ मध्ये आपल्या हद्दीत पॅराक्वाट थांबवले. ओडिशातील बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या तरुण डॉक्टरांनी २०१९ मध्ये त्यावर बंदीची मागणी करत आंदोलन केले, आणि डॉक्टर एखाद्या तणनाशकाविरुद्ध रस्त्यावर येतात तेव्हा त्यांच्या वॉर्डात काय चालले असेल याची कल्पना दिल्लीत बसूनही करता यावी. कायमचा निर्णय घेण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, म्हणून हे पत्र राज्याला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

माझी मागणी पूर्ण बंदीची असती तर मी तसे लिहिले असते; तो निर्णय कीडनाशकांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय नोंदणी समितीने पुराव्यावर घ्यावा आणि लवकर घ्यावा, एवढेच आज म्हणतो. मागणी त्यापेक्षा बरीच लहान आहे. रॉटरडॅम कराराच्या पुढच्या परिषदेत पॅराक्वाट आणि ॲसिटोक्लोर ही दोन अडकलेली तणनाशके पुन्हा समोर येतील तेव्हा भारताने विरोध नोंदवू नये. पाठिंब्याचे भाषणही करायची गरज नाही. सहमतीच्या प्रक्रियेत गप्प बसणे पुरते. २०२३ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि माली यांनी अडकलेल्या रसायनांसाठी स्वतंत्र परिशिष्टाचा प्रस्ताव आणला होता, तो मतदानात आवश्यक तीन-चतुर्थांश बहुमत मिळवू शकला नाही. त्यामुळे एका देशाच्या हरकतीचे वजन पूर्वीइतकेच राहिले आहे आणि हरकत न घेण्याचेही.

विरोध करायचाच असे ठरले, तर परिषदेला जाण्यापूर्वी त्याचे कारण तीन पानांत लिहून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवावे, त्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मत घ्यावे आणि त्या वर्षभरात या विषयावर कोणकोणत्या कंपन्यांचे व संघटनांचे प्रतिनिधी कोणत्या अधिकाऱ्यांना भेटले, त्यांनी कोणती निवेदने दिली, याची यादी सोबत जोडावी. उद्योगाने आपली बाजू मांडू नये असे माझे म्हणणे नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांची निवेदने आत पोहोचतात आणि आमच्या मृत्यूच्या नोंदी 'अज्ञात विषप्राशन' या सदरात तालुक्याच्या कपाटात राहतात, हा तोल सरकारनेच सांभाळायचा आहे. प्रत्येक शासकीय रुग्णालयाने विषबाधेच्या नोंदीत रसायनाचे नाव लिहिणे सक्तीचे केले, तर पुढच्या वेळी आपल्याला बुर्किना फासोची पाहणी उसनी घ्यावी लागणार नाही. यासाठी लागणारी डायथायोनाइटची बाटली फार महाग येत नाही.

ज्या तत्परतेने ग्लुफोसिनेटच्या भावाची रेषा किलोमागे रुपयापर्यंत आखली गेली, त्या तत्परतेची या कामातही अपेक्षा आहे. या पत्राला उत्तर आले, तर ते रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लावण्याची परवानगी असावी. बाकावर बसलेली माणसे मला हेच प्रश्न विचारतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते.

आपला विश्वासू,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी